नांगर आणि महिरप : अठराव्या शतकातील सुताराचा व्यवसाय

अठराव्या शतकात प्रवरेच्या खोऱ्यातील देवळाली प्रवरासारख्या गावांच्या गावगाड्यात सुतार हा पहिल्या फळीचा बलुतेदार होता, म्हणजे शेतकऱ्याची नांगर, कुळव, पाभर ही अवजारे वर्षभर घडवून व दुरुस्त करून देण्याच्या मोबदल्यात सुगीला खळ्यावर धान्याचा ठरीव वाटा घेण्याचा हक्क त्याच्या घराण्यात चालत असे. घरबांधणीचे काम बहुधा बलुत्यात मोडत नसल्यामुळे त्याची मजुरी वेगळी ठरे, आणि मराठी सरदारांचे वाडे उभे राहू लागले तेव्हा कोरीवकामाला खरा वाव मिळाला तो याच वेगळ्या मजुरीच्या कामात.

वाड्यातील सुतार हा निव्वळ सजावटकार नव्हता, ही गोष्ट पुरेशा आग्रहाने सांगितली जात नाही. वाड्याचा भार मुख्यतः लाकडी खांब आणि त्यांवरील तुळया पेलत असत, दोन खांबांमधील अंतराला ‘खण’ म्हणत आणि घराचे मापही खणांतच सांगत. त्यामुळे ज्या खांबावर नक्षी कोरायची त्याच खांबावर वरचा मजला उभा राहणार, हे भान ठेवूनच पटाशी चालवावी लागे. नांगराला चिवट बाभूळ, तर वाड्याला साग, कारण सागातील तेलामुळे वाळवी सहसा लागत नाही आणि त्यावर नक्षी स्वच्छ उतरते. करवतीने कापलेला ओंडका वाकसाने तासून, रंध्याने गुळगुळीत करून मग किंकऱ्याने कोरला जाई. पायाशी कमळाच्या पाकळ्या व वर निमुळता होत जाणारा तो ‘सुरूदार’ खांब. हे वळण मुघल वास्तुकलेतून आले. दोन खांबांमधील महिरप, म्हणजे कमान, मात्र बहुधा कोरीव फळ्यांची असे व भार पेलत नसे, म्हणूनच कारागिराचा हात तिथे सर्वांत मोकळा दिसतो.

त्याच काळी लंडनमध्ये थॉमस चिपेंडेल याने 1754 मध्ये कपाटे, खुर्च्या, आरशांच्या चौकटी यांच्या आराखड्यांचा ग्रंथ छापून गिऱ्हाईक मिळवले; इकडे बैठक जमिनीवरची असल्याने फर्निचर थोडे, आणि कोरीव चौकट म्हणजे दाराची, मध्यभागी गणपती कोरलेल्या गणेशपट्टीची, किंवा देव्हाऱ्याची. विद्या छापली जात नव्हती, ती बापाकडून मुलाकडे हातोहात जाई.

तरीही काही नावे उरली आहेत. 1730 ते 1732 या काळात बांधलेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याच्या कारागिरांत देवाजी आणि कोंडाजी सुतार यांचा उल्लेख येतो, जयपूरच्या भोजराजा नावाच्या कारागिराचाही. 1828 च्या आगीत आतल्या इमारतींचे लाकूडकाम जळाले आणि मुख्यतः दगडी तट, दरवाजे व जोती तेवढी राहिली. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यात त्या परंपरेचे काम पाहायचे तर पारनेर तालुक्यातील पळशीला जावे, जिथे होळकरांचे दिवाण पळशीकर यांच्या वाड्यात कोरीव सागवानी खांब टिकून आहेत.