सीमेपलीकडील आजोळ आणि राहिलेली नोंद

गेल्या मार्गशीर्ष अमावास्येस, म्हणजे आपल्याकडील वेळ अमावास्येस, आम्हांस पुष्कळ वर्षांनी आजोळी जाण्याचा योग आला. आमचे आजोळ निलंग्याहून फार दूर नाही. सकाळी निघावे व ऊन तापण्यापूर्वी पोहोचावे, इतकेच अंतर. परंतु ते गाव कर्नाटकातील बीदर जिल्ह्याच्या भालकी तालुक्यात आहे. तेथे गेल्यावर पाटीवरील अक्षर बदलते, कचेरीची भाषा बदलते, आणि सात-बाऱ्यास ‘पहाणी’ म्हणू लागतात. हा सर्व मुलूख महाराष्ट्र व कर्नाटक यांच्या सीमावादातील होय. त्याविषयी वर्तमानपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते. आम्ही येथे लिहिणार आहोत ते त्या वादात सापडलेल्या एका शेताविषयी आणि आमच्याच हातून झालेल्या एका हयगयीविषयी. ज्यांची सोयरीक किंवा जमीन सीमेपलीकडे आहे अशा वाचकांस त्याचा काही उपयोग होईल, अशी आशा आहे.

प्रथम थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. निलंगा तालुका निजामाच्या राज्यात बीदर जिल्ह्यात मोडत असे. सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात सामील झाल्यावरही आठ वर्षे तो बीदरकडेच होता. पुढे राज्यपुनर्रचना होऊन १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या एका जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. निलंगा, उदगीर व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात येऊन उस्मानाबाद जिल्ह्यास जोडले गेले; बीदर, भालकी, हुमनाबाद व संतपूर म्हणजे तिकडील औराद हे म्हैसूर राज्यात गेले; नारायणखेडाकडील भाग तेलुगू मुलखात गेला. पुढे १९८२ साली लातूर जिल्हा झाला, तेव्हा निलंगा त्यात आला. याप्रमाणे आमच्या तालुक्याने जागचे न हलता तीन जिल्हे व तीन राज्ये पाहिली.

आमच्या मातोश्रींचे लग्न १९५५ च्या उन्हाळ्यात झाले. त्या वेळी माहेर व सासर एकाच जिल्ह्यात होते. नदीच्या उतरलेल्या पात्रातून वऱ्हाडाच्या गाड्या आल्या, असे त्या सांगत. दीड वर्ष लोटले नाही तोच त्यांचे माहेर परराज्यात गेले. “मी कोठे गेले नाही, माहेरच उठून गेले,” असे त्या हसून म्हणत. परंतु त्या हसण्यात थोडी खंत असे.

सीमाभागाचा दावा अद्याप मिटलेला नाही. खेडे हा घटक धरून, भाषा व भौगोलिक सलगता पाहून सीमा ठरवावी, हे महाराष्ट्राचे म्हणणे आहे. १९६६ साली महाजन आयोग नेमला गेला व १९६७ साली त्याने अहवाल दिला. त्यात २६४ गावे महाराष्ट्रास व २४७ गावे कर्नाटकास द्यावी, अशी शिफारस होती. तो अहवाल महाराष्ट्राने मानला नाही. कर्नाटक तो प्रमाण मानते. २००४ साली महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने ८६५ गावांवरील हक्काचा ठराव एकमताने केला, त्यात बेळगाव, कारवार व निपाणीबरोबर बीदर व भालकी यांचीही नावे आहेत. आम्ही मराठी माणसे असल्यामुळे आमचे मन कोणीकडे आहे हे सांगावयास नको. परंतु मन कोणीकडेही असो, रान जेथे आहे तेथेच असते, आणि त्याचा कागद तेथल्याच कचेरीत असतो.

असो. अमावास्येच्या दिवशी आम्ही व आमच्या वडील भगिनी औराद शहाजानीच्या वाटेने निघालो. मांजरा व तेरणा या नद्यांच्या काठचे ते काळे रान. दुतर्फा तूर शेंगांनी वाकलेली व हरभरा घाटे धरू लागलेला. सोयाबीन निघून गेलेल्या वावरांत धसकटे उभी होती. सीमा केव्हा ओलांडली हे पिकावरून कळत नाही; दुकानांवरील अक्षरावरूनच कळते. पूर्वी या पट्ट्यात ज्वारी, तूर, करडई व जवस यांचा फेर असे. आता दोन्हीकडे सोयाबीन व तूर हीच मुख्य पिके झाली आहेत. तिकडील पुष्कळ शेतकरी आपला माल उदगीर व लातूरच्या आडतीवर आणतात. व्यापाऱ्याच्या काट्याला सीमा नाही.

वेळ अमावास्येचे वर्णन आपल्या भागातील वाचकांस करण्याची गरज नाही. कडब्याची कोप, तीत चुन्याने रंगविलेले पाच पांडव, भज्जी, उंडे, आंबील, आणि शेताच्या चारी कडांनी शिंपडणे हे सर्व आम्ही आजोळच्या शेतातही तसेच पाहिले. हा सण कानडी मुलखातून आपल्याकडे आला असे मानतात. शिंपडताना जे शब्द म्हणतात ते कानडी वळणाचे असून, आमच्याकडे म्हणणारास त्यांचा अर्थ सांगता येत नाही. आजोळी मात्र मामेभावाची नात, सातवीत शिकणारी, ते शब्द हसत हसत उलगडून सांगू लागली. ती घरी मराठी बोलते, शाळेत कानडी शिकते, आणि एका भाषेतून दुसरीत विहिरीच्या पायऱ्या उतरावे इतक्या सहज जाते.

जेवणे झाल्यावर मामेभावाने एक कापडी पिशवी आणली. ज्या कामासाठी त्याने आम्हांस आग्रहाने बोलाविले होते ते काम त्या पिशवीत होते. सात एकर बारा गुंठ्यांचे ते शेत अद्याप आमच्या आजोबांच्या नावावर होते. आजोबा १९७१ साली वारले. मामा २००९ साली वारले. आमच्या मातोश्रीही आता नाहीत. पण पहाणीवर आजोबा जिवंतच होते. “अण्णा,” मामेभाऊ म्हणाला, “पाऊस साऱ्यांच्या रानात सारखाच पडतो, पण नुकसानीचा पैसा ज्याचे नाव त्यालाच मिळतो.” बँकेकडून पीककर्ज नाही, आणि पंतप्रधान किसान योजनेचे वर्षाकाठी ६,००० रुपयेही नाहीत. या योजनेत १ फेब्रुवारी २०१९ रोजी जमीन नावावर असली पाहिजे अशी अट आहे. खातेदाराच्या मृत्यूनंतर वारसाने आलेल्या जमिनीस ती अट आड येत नाही. परंतु त्यासाठी वारसाची नोंद तरी पाहिजे!

येथे आम्हांस आपली लाज वाटल्याचे कबूल केले पाहिजे. आम्ही तीस वर्षांहून अधिक काळ महसूल खात्यात कारकुनी केली. शेकडो लोकांचे वारसाचे फेरफार आमच्या हातून लिहिले गेले. हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास कळवावे, हे जमीन महसूल अधिनियमातील कलम १४९ आम्ही कितीकांस ऐकविले असेल! आणि आपल्याच आईच्या माहेरची नोंद पन्नास वर्षे राहिली, ती ‘ते परराज्यातले काम’ म्हणून आम्ही कधी पाहिलीच नाही.

पिशवीत एक उर्दू पावती होती, फसली १३५२ सालची. फसली सनात ५९० मिळविले म्हणजे इसवी सन येतो, त्यावरून ती १९४२-४३ ची ठरली. ती वाचण्यास मामेभावाने शेजारच्या एका वृद्ध मुसलमान गुरुजींस बोलाविले. या मुलखाने १९४८ साली फार भोगले आहे. त्या वर्षीच्या मे महिन्यात याच पट्ट्यातील गोरटा गावी रझाकारांनी केलेली कत्तल लोक विसरलेले नाहीत. तसेच सप्टेंबरातील लष्करी कारवाईनंतर बीदर, उस्मानाबाद, गुलबर्गा व नांदेड या जिल्ह्यांत असंख्य निरपराध मुसलमान कुटुंबांवर अनर्थ कोसळला, हेही प्रामाणिकपणे लिहिले पाहिजे. त्या गुरुजींनी चष्मा पुसून आजोबांचे नाव, गावाचे नाव व भरलेला शेतसारा असे सर्व सावकाश वाचून दाखविले आणि पावती दोन्ही हातांनी परत दिली.

दुसरा कागद कानडीत होता. तिकडे मयत खातेदाराच्या वारसांच्या नोंदीस ‘पौती खाते’ म्हणतात व त्यासाठी ‘वंशवृक्ष’ द्यावा लागतो. तो वंशवृक्ष कचेरीबाहेर बसणाऱ्या एका कागद लिहिणाराने तयार केला होता. आम्हां दोघांसही कानडी अक्षर येत नाही. भगिनींनी त्या मुलीस जवळ बसवून म्हटले, “बाळ, यातली नावे वाच.” मुलीने आजोबांचे नाव वाचले, मामांचे वाचले, मामेभावाचे व त्याच्या भावंडांचे वाचले, आणि ती थांबली.

“आणखी?”

“एवढीच आहेत.”

आमच्या आईचे नाव त्यात नव्हते. मामेभावाचा चेहरा उतरला. “मुलीचे नाव घातले की सह्या वाढतात, काम लांबते, असे त्याने सांगितले. मी मान डोलावली, पण तुम्हांस दाखविल्याशिवाय सही केली नाही,” असे तो म्हणाला. त्याचा हेतू वाईट नव्हता, हे आम्हांस ठाऊक आहे. थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग भगिनी म्हणाल्या, “मला तुझ्या रानातले ढेकूळ नको. पण आजोबांना मुलगी होती, हे कागदावर येऊ दे. मग तू सांगशील तेथे अंगठासुद्धा देईन.”

त्या वाक्यानंतर सर्व सोपे झाले. कागद फाडून नवा करावयाचे ठरले. त्यात आईचे नाव व तिच्याखाली आम्हां बहीणभावांची नावे यावीत, प्रथम सर्व वारसांची नोंद व्हावी, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी आपला हक्क मामेभावास नोंदणीकृत हक्कसोडपत्राने द्यावा, असे कोपीतच ठरले. हे लिहीपर्यंत पहिला अर्ज दाखल झाला आहे.

दुसरे दिवशी परतताना आम्ही बसवकल्याणास थांबलो. हे पूर्वीचे कल्याण, म्हणजे कल्याणीच्या चालुक्यांची राजधानी. आमच्या निलंग्याचे नीळकंठेश्वराचे देऊळ ज्या घडणीचे आहे, त्या घडणीचे हे मूळ घर. बाराव्या शतकात येथेच बसवेश्वरांनी श्रमाची प्रतिष्ठा शिकविली; तीच परंपरा मन्मथस्वामींनी पुढे मराठीत आणली. परंतु किल्ल्याच्या तटावर उभे असता आमच्या मनात दुसरेच नाव घोळत होते. सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, १०७६ ते ११२६ या अवधीत, याच नगरात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’ लिहिली. याज्ञवल्क्यस्मृतीवरील ही टीका बंगालखेरीज बहुतेक हिंदुस्थानात वारसाचा आधार झाली. वडिलार्जित मिळकतीत मुलास जन्मतः हक्क, हे तिचे तत्त्व आम्ही नोकरीत पाठ केले होते. ते जेथे लिहिले गेले ते गाव आमच्या आजोळच्या इतके जवळ आहे, हे मात्र ध्यानी आले नव्हते. त्या वडिलार्जित मिळकतीत मुलीस मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्र व कर्नाटक या दोन्ही राज्यांनी १९९४ साली दिला, आणि सर्व देशात तो ९ सप्टेंबर २००५ पासून झाला. सीमेसाठी भांडणारी ही दोन राज्ये या एका बाबतीत एकाच वर्षी शहाणी झाली!

पण आमच्या आईचा प्रश्न त्याहून जुना होता. हिंदू वारसा अधिनियम १७ जून १९५६ रोजी अंमलात आला, आणि त्यानंतर मरण पावलेल्या बापाच्या हिश्श्यात मुलगी पहिल्या वर्गाची वारस झाली. त्याच वर्षी नोव्हेंबरात राज्यांची सीमा आखली गेली. म्हणजे एकाच १९५६ साली दोन गोष्टी घडल्या. एकीने आमच्या आईस माहेरापासून तोडले व दुसरीने तिचे नाव माहेरच्या जमिनीस जोडले. पहिलीविषयी आमच्या घरी सत्तर वर्षे बोलणे झाले. दुसरीची नोंद कोणी केली नाही, आणि करणे ज्यास सहज शक्य होते तो कारकून घरातच होता.

आता शेतकरी बंधूंस अनुभवाच्या चार गोष्टी सांगून हा लेख संपवितो. सीमेपलीकडे ज्यांचा हक्क आहे त्यांनी प्रथम तेथील पहाणीचा ताजा उतारा काढून कोणाचे नाव चालू आहे ते पाहावे. उर्दू पावत्या, १९५४ च्या सुमाराची खासरा पहाणी, असे जुने कागद रद्दी समजून टाकू नयेत. ज्या लिपीतला कागद आपणांस वाचता येत नाही त्यावर, भरवशाच्या माणसाकडून प्रत्येक नाव वाचून घेतल्याशिवाय सही करू नये. तोंडी सोडलेला हक्क कागदावर सुटत नाही. हक्कसोडपत्र जमीन जेथे आहे त्या हद्दीतील उपनिबंधकाकडेच नोंदवावे व त्यास त्याच राज्याचे मुद्रांक शुल्क भरावे. कचेरीत भाषेची अडचण आली तर, गाऱ्हाण्याचा अर्ज त्या राज्यात वा देशात चालणाऱ्या कोणत्याही भाषेत देण्याचा अधिकार घटनेच्या ३५० व्या कलमाने दिलेला आहे, हे विसरू नये.

सीमेचा निकाल केव्हा व कसा लागेल ते न्यायालय जाणे. तो कसाही लागला तरी भालकी तालुक्यातील ते सात एकर बारा गुंठे कोणाचे, हे त्या निकालाने ठरणार नाही. ते वहीतल्या नावांनी ठरेल. सबब ज्यांची नोंद राहिली असेल त्यांनी ती पुढच्या पेरणीपूर्वी करून घ्यावी, आणि घरातील मुलींची नावे गाळू नयेत.