नाव असतं झाकणावर

मुंबईच्या चोरबाजारात, मटण स्ट्रीटवरच्या दुकानांतून पिवळ्याधमक पितळी दुर्बिणी मांडलेल्या असतात. कातडी पेटी, लाकडी खोकं आणि वर ठसठशीत कोरलेलं: 'केल्विन अँड ह्यूज, लंडन, 1917'. पहिल्या महायुद्धातला माल म्हणून गिऱ्हाईक भाव न करता उचलतं.

पुण्यात शनिवार पेठेतल्या एका वाड्यात जुन्या बायनॉक्युलर दुरुस्त करणारे एक काका आहेत. त्यांच्यासमोर हे नाव काढलं की ते हातातलं काम खाली ठेवतात. "ही कंपनीच मुळी 1947 ची!" हेन्री ह्यूज अँड सन आणि केल्विन, बॉटमली अँड बेर्ड ही दोन घराणी 1947 मध्ये एकत्र आली, तेव्हा कुठे 'केल्विन अँड ह्यूज' हे नाव जन्माला आलं. मग 1917 ची दुर्बीण आली कुठून? बहुधा रुरकीहून किंवा तशाच एखाद्या गावातून, जिथे शोभेची होकायंत्रं आणि दुर्बिणी घडवण्याचा मोठा धंदा आहे. पितळेचं काम कित्येकदा सुबक असतं, त्या कारागिरांशी कुणाचं भांडण नाही. भांडण आहे ते त्या खोट्या सालाशी.

काकांच्या टेबलापाशी बसलं की आधी वास येतो. नॅप्था, जुनं कातडं आणि साठ-सत्तर वर्षांत मेणासारखं घट्ट झालेलं ग्रीस यांचा मिळून एक उग्र, पण ओळखीचा होऊन बसणारा वास. आलेली दुर्बीण ते लगेच डोळ्याला लावत नाहीत. आधी उलटीपालटी करून स्क्रू बघतात. खाचा कुरतडलेल्या असतील तर कुणीतरी चुकीच्या पेचकसाने ती उघडली आहे, हे नक्की. अनेक जुन्या दुर्बिणींत लोलकाच्या घरावरचं झाकण दोन-तीन बारीक स्क्रूंवर बसलेलं असतं आणि कारखान्याचं नाव नेमकं त्या झाकणावर असतं. म्हणजे ज्या नावावर सगळी किंमत ठरते, तोच भाग पाच मिनिटांत बदलता येतो. दोन मोडक्या दुर्बिणींची एक केलेली काकांनी पुष्कळदा पाहिली आहे. आतल्या भागांवर खरवडलेले जुळणीचे आकडे तेव्हा एकमेकांशी जुळत नाहीत.

मग ट्यूबलाइटची पाळी. भिंगात तिचं प्रतिबिंब पांढरं स्वच्छ दिसलं तर काचेवर लेप नाही. दुर्बीण बहुधा दुसऱ्या महायुद्धाआधीची. निळसर-जांभळं दिसलं तर एकेरी लेप. ही किमया जर्मनीतल्या येनाच्या झाइस कारखान्यात अलेक्झांडर स्माकुला यांनी 1935 मध्ये साधली आणि युद्धकाळात ती लष्करी दुर्बिणींवर आली. लेप नसलेल्या काचेच्या प्रत्येक पृष्ठावरून चार-पाच टक्के प्रकाश परत फिरतो, आणि एका नळीत अशी पृष्ठं बरीच असतात. हिरवट झाक असेल तर अनेक थरांचा लेप, म्हणजे साधारण सत्तरच्या दशकानंतरचा माल. "पण एवढ्यावरून साल सांगू नये," काका म्हणतात. "मागाहून भिंग बदललेलं असू शकतं."

लोलकांची दुर्बीण बाजारात नीट आली ती 1894 मध्ये, झाइसकडूनच. त्यापुढच्या शतकाने तिच्यावर आपल्या खुणा सोडल्या. जर्मनीने युद्धकाळात कारखान्यांची नावं लपवून तीन अक्षरांचे संकेत वापरले: 'बीएलसी' म्हणजे येनाचं झाइस, 'बीईएच' म्हणजे वेट्झलारचं लाइट्झ. युद्धानंतर झाइसची येना आणि ओबरकोखेन अशी फाळणी झाली, नावावरून कोर्टकज्जे झाले, आणि पूर्व जर्मनीचा माल कित्येक देशांत नुसता 'आउस येना' असा शिक्का घेऊन गेला. रशियन दुर्बिणीचं सोपं असतं, क्रमांकाचे पहिले दोन आकडे हेच बहुतेक वेळा साल. 'मेड इन ऑक्युपाइड जपान' असं असेल तर अमेरिकी ताब्याचा काळ, 1952 च्या आतला. नंतरच्या जपानी दुर्बिणींवर अनेकदा नाव अमेरिकी विक्रेत्याचं असतं, पण बनवणारा बहुधा टोकियोच्या इताबाशी भागातला एखादा छोटा कारखाना. त्याचा माग बिजागरीजवळच्या 'जेबी' या अक्षरांपुढच्या आकड्यावरून लागतो.

रत्नागिरीकडचा एक तरुण पणजोबांची दुर्बीण घेऊन आला होता. घरात सांगत आलेले, पहिल्या महायुद्धातली. काळी, जड, 7×50. काकांनी झाकणावरची धूळ मऊ ब्रशने झटकली आणि भिंग लावून वाचलं: 'आरईएल, कॅनडा, 1944'. शेजारी बाण होता. बाण हे ब्रिटिश सरकारी मालाचं चिन्ह, पण इथे तो इंग्रजी 'सी' अक्षराच्या पोटात होता, म्हणजे कॅनडाचा. रिसर्च एंटरप्रायझेस लिमिटेड ही टोरांटोची सरकारी कंपनी 1940 मध्ये युद्धासाठी उभी राहिली आणि युद्ध संपल्यावर मिटली. झाकणाचे स्क्रू कोरे होते, आतले आकडे जुळत होते, प्रतिबिंब जांभळट होतं. सगळ्या खुणा एकच गोष्ट सांगत होत्या.

तरुणाचा चेहरा जरा उतरला. काका म्हणाले, "अरे, नाराज कशाला होतोस? तुझी वस्तू खरी आहे. त्या चोरबाजारातल्या 1917 वालीसारखी खोटी नाही." ती कॅनडाहून कोकणात कशी पोचली, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही. दुर्बिणीवर ते लिहिलेलं नव्हतं. जे लिहिलेलं नाही ते न सांगण्याचा हा संयमच या कामातला सगळ्यात अवघड भाग म्हणायला हवा, कारण समोरच्याला गोष्ट हवी असते आणि बाजार ती पुरवायला तयारच बसलेला असतो.

चोरबाजारातल्या बनावट मालापेक्षा मोठं नुकसान घरोघर होतं. दिवाळीच्या साफसफाईत आजोबांची दुर्बीण ब्रासोने घासली जाते, काळा रंग उडतो, कोरलेली अक्षरं बुजतात, फाटली म्हणून मूळ पेटी रद्दीत जाते. बुरशी आली म्हणून भिंग रुमालाने चोळलं की लेप कायमचा ओरखडतो. तुमच्याकडे अशी दुर्बीण असेल तर तिला पॉलिश करू नका, स्वतः उघडू नका. दोन्ही झाकणांवरची अक्षरं, क्रमांक, बाण, जे दिसेल ते वहीत जसंच्या तसं उतरवा, आणि ती कुणाची होती, कुठून आली, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना आताच विचारून त्याखाली लिहून ठेवा.