व्ही इज इक्वल टू आय आर, फुफ्फुसातसुद्धा!

मित्रांनो, दवाखान्यात दंडाला पट्टा बांधून 120/80 सांगतात, ते झालं शरीराचं प्रेशर. फुफ्फुसाच्या धमनीत ते साधारण 25/10 एवढंच असतं. सरासरी काढायची तर वरचा आकडा अधिक खालच्याची दुप्पट, भागिले तीन. म्हणजे शरीरात 93, फुफ्फुसात 15 (मिलिमीटर पारा).

आता गंमत बघा. दोन्ही सर्किट सिरीजमध्ये, म्हणून करंट एकच: मिनिटाला सुमारे 5 लिटर रक्त. ओहमसाहेबांना विचारा. परतीच्या टोकाचं प्रेशर शरीराकडून येताना 3 आणि फुफ्फुसाकडून येताना 8 धरलं, तर रेझिस्टन्स येतो (93−3)÷5 = 18 आणि (15−8)÷5 = 1.4. जवळजवळ तेरापट फरक! हृदयाच्या उजव्या पंपाची भिंत पातळ असते ती उगाच नाही.

पण हा रेझिस्टन्स फिक्स नसतो. ऑक्सिजन कमी पडला की फुफ्फुसातल्या रक्तवाहिन्या आकसतात. हिमालयात घाईने उंची गाठली तर काहींचं तिथलं प्रेशर इतकं चढतं की फुफ्फुसात पाणी उतरतं, आणि दंडावरचा पट्टा मात्र नॉर्मल दाखवू शकतो. तेव्हा ट्रेकवाल्यांनो, बसल्याजागी धाप लागली, खोकला सुरू झाला, तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. ऑक्सिजन असेल तर लावा, आणि त्याला एकटं न सोडता लगेच खाली उतरवा.