ओव्याचे फूल आणि आपली त्वचा

पुण्याहून सोलापूर रस्त्याने निघाले की सुमारे २० किलोमीटरवर लोणी काळभोर लागते. गावाभोवती उसाची आणि भाजीपाल्याची शेते आहेत. उसाच्या पात्याने हात चिरणे, उन्हाळ्यातले घामोळे, किड्याचा चावा, पावसाळ्यात ओल्या कपड्यांमुळे वाढणारे गजकर्ण या तक्रारी अशा गावाला नवीन नाहीत. त्यांवरचे उपायही घरातलेच असतात. चिरल्यावर हळद, खरजेला करंजाचे तेल आणि खाजेला ओव्याचे फूल, कापूर व पुदिन्याचे फूल यांचे मिश्रण. शहरात आता निलगिरीच्या जोडीला लव्हेंडर आणि टी-ट्री या सुगंधी तेलांच्या बाटल्याही आल्या आहेत. हे उपाय त्वचेवर नेमके काय करतात आणि फसगत कोठे होते, ते पाहू या.

प्रथम त्वचेची रचना लक्षात घेऊ. तिचा अगदी बाहेरचा थर मृत पेशींचा असतो. बहुतेक ठिकाणी त्याची जाडी मिलिमीटरच्या पन्नासाव्या भागाच्या आसपास भरते. विटांच्या भिंतीत चुना असावा, तसे या पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेले असतात. म्हणून पाणी सहसा आत शिरत नाही, पण तेलात विरघळणारे लहान रेणू या 'चुन्यातून' वाट काढतात. सुगंधी तेलांतील रेणू नेमके असेच असतात.

आता ओव्याचे फूल घ्या. नाव फूल असले तरी ते फूल नव्हे. ओव्याच्या तेलातून मिळणारे हे पांढरे स्फटिक म्हणजे थायमॉल. पुदिन्याचे फूल म्हणजे मेन्थॉल. कापूर तर आपल्या ओळखीचाच. तिघांच्याही रेणूत कार्बनचे दहा-दहा अणू असतात. थायमॉल सुमारे ५० अंश सेल्सिअसला वितळते, मेन्थॉल सुमारे ४२ अंशांना आणि कापूर १७५ अंशांच्याही पुढे. तरीसुद्धा हे तीन घन पदार्थ एका बाटलीत एकत्र केले की साध्या तापमानालाच त्यांचे पाणी होते! स्फटिकात रेणू ठरावीक रांगांत बसलेले असतात. परके रेणू मिसळले की त्या रांगा नीट जुळत नाहीत आणि पदार्थ कमी तापमानाला वितळतो. बर्फात मीठ घातल्यावर होते ते याच जातीचे.

हे मिश्रण लावले की गार वाटते व खाज थांबते. पण त्वचेचे तापमान खरोखर उतरलेले असते का? नाही. थंडीची वर्दी देणारा एक प्रथिन-रेणू आपल्या मज्जातंतूंच्या टोकांवर असतो. मेन्थॉल त्यालाच चेतवते, आणि मेंदूला 'गार आहे' असा खोटा निरोप पोचतो. हा रेणू २००२ साली ओळखला गेला. तो शोधणाऱ्या डेव्हिड ज्युलियस व आर्डेम पाटापुटियन या शास्त्रज्ञांना तापमान आणि स्पर्श यांच्या संवेदनांवरील संशोधनासाठी २०२१ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

येथेच पहिली फसगत होते. खाज थांबली म्हणजे रोग गेला असे नव्हे. किड्याच्या चाव्याची खाज एरवीही एक-दोन दिवसांत जाते, तेथे गारव्याचा दिलासा पुरेसा आहे. गजकर्ण मात्र बुरशीमुळे होते. थायमॉल परीक्षानळीतल्या बुरशीला मारक ठरते हे खरे. पण त्वचेला सोसेल एवढ्या मात्रेत ते गजकर्ण मुळापासून घालवील, याची खात्री देता येत नाही. खाज दबते आणि बुरशी पसरत राहते. दुकानातून परस्पर आणलेली स्टेरॉइडयुक्त मलमे तर याहून वाईट. लाली आणि खाज झाकली जाते, आणि बुरशीला मोकळे रान मिळते. नेहमीच्या औषधांना दाद न देणारी ट्रायकोफायटॉन इंडोटिनी ही बुरशी आज भारतभर पसरली आहे. गजकर्णाला पूर्ण मुदतीचे औषध का हवे, हे त्यावरून कळते.

दुसरी फसगत 'जुने म्हणजे सिद्ध' या समजुतीची. जखमेवर हळद वापरण्याचे पेटंट अमेरिकेत १९९५ साली दिले गेले. भारताच्या वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने त्याला आव्हान दिले आणि १९९७ साली ते रद्द झाले. तेव्हा परिषदेचे महासंचालक डॉ. रघुनाथ माशेलकर होते. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे ते पूर्वीचे संचालक. हा विजय मोठाच होता. पण पेटंट रद्द झाले ते हा उपयोग भारतात आधीपासून ठाऊक होता म्हणून. हळदीने जखम किती लवकर भरते, हा प्रश्न तेथे नव्हता. तो वेगळ्या प्रयोगांनीच सुटतो.

तिसरी फसगत 'वनस्पतीचे ते निरुपद्रवी' ही. बिब्याचे तेल कातडीवर फोड आणते, हे आपल्या आज्यांना चांगले ठाऊक असे. शेताच्या बांधावर माजणारे गाजरगवत पाहा. पुण्यात त्याची नोंद १९५५ साली झाली. त्यातील पार्थेनिन या द्रव्यामुळे अनेकांच्या चेहऱ्यावर, मानेवर व हातांवर खाजरा दाह होतो. अशा वावड्याचे वैशिष्ट्य असे की पहिल्या स्पर्शाला काहीच होत नाही. शरीर तो पदार्थ 'ओळखून' ठेवते, आणि पुढच्या स्पर्शांना पुरळ उठते. गाजरगवत बाधणाऱ्याला त्याच कुळातली शेवंतीही बाधू शकते. लिंबाचा रस लावून उन्हात गेल्यास काळे डाग पडतात, कारण सालीतील व रसातील काही द्रव्ये उन्हाने चेततात.

सुगंधी तेलात हा धोका वाढतो तो तीव्रतेमुळे. तुळशीच्या ताज्या पानात तेल एक टक्क्याहूनही कमी असते. म्हणजे किलोभर पाने ऊर्ध्वपातित केली तरी काही ग्रॅमच तेल मिळते. पान चोळणे आणि तेलाचा थेंब लावणे यांत एवढा फरक आहे! म्हणून पुढील नियम पाळावेत.

१. सुगंधी तेल निव्वळ लावू नये. चहाचा चमचाभर खोबरेल तेल म्हणजे सुमारे १०० थेंब. त्यात १ किंवा २ थेंब पुरेत.

२. प्रथम कोपराच्या आतील बाजूस थोडेसे लावून दोन दिवस पाहावे. लाली वा खाज आल्यास साबणाने धुवावे आणि पुन्हा वापरू नये.

३. बाटली घट्ट बंद करून अंधाऱ्या जागी ठेवावी. हवेने जुने झालेले तेल अधिक बाधते.

४. डोळ्यांजवळ, चिरलेल्या जागी व तान्ह्या मुलांना लावू नये. कापूर किंवा निलगिरीचे तेल पोटात गेल्यास लहान मुलांना झटके येऊ शकतात.

५. भाजल्यास हळद किंवा तेल न लावता जागा २० मिनिटे वाहत्या गार पाण्याखाली धरावी.

पसरणारे गजकर्ण, पू, ताप, घरातील सर्वांना रात्री सुटणारी खाज, किंवा स्पर्श न कळणारा फिकट चट्टा दिसला, तर प्राथमिक आरोग्य केंद्र गाठावे. शेवटचे लक्षण कुष्ठरोगाचे असू शकते. त्याचे औषध सरकारी केंद्रांत मोफत मिळते, आणि वेळीच घेतल्यास व्यंग टळते.

शिक्षकांना एक सूचना. ओव्याचे फूल, कापूर आणि पुदिन्याचे फूल प्रत्येकी एक ग्रॅम काचेच्या लहान बाटलीत घालून बूच लावावे, आणि बाटली हलवून वर्गात दाखवावी. ज्योत जवळ नसावी, आणि प्रयोगानंतर बाटली मुलांच्या हाती देऊ नये. वितळताना बाटली हाताला थोडी गार लागते का, तेही पाहावे. लागली तर तो गारवा मात्र मेन्थॉलच्या निरोपासारखा खोटा नसेल. असे का, ते विद्यार्थ्यांनाच विचारावे.