पीस विकणारे आणि माशी बांधणारे

कोंबडीच्या दुकानात पिसांना किंमत नसते. संध्याकाळी ती पोत्यात भरून टाकून दिली जातात. पण अमेरिकेत खास जातीच्या कोंबड्याच्या मानेचे पिसांसकट एक कातडे शंभर डॉलरच्या वरही विकले जाते. त्या पिसांपासून बांधलेली नखाएवढी एक नकली माशी दुकानात दोन-तीन डॉलरला मिळते. हा कसला माल आहे आणि त्यात नफा कोणाच्या पदरात पडतो, हे समजून घेण्यासारखे आहे.

ही माशी ट्राउट नावाच्या माशासाठी असते. ट्राउट थंड, वाहत्या पाण्यात राहतो. आपल्या काजळी किंवा शास्त्री नदीत तो जगणार नाही. हिंदुस्थानात तो काश्मीर, हिमाचल, निलगिरी, मुन्नार अशा थंड मुलखात मिळतो, तोही बाहेरून आणलेला. काश्मीरमध्ये तो वसवण्यात पुढाकार घेणारे मिचेल हे श्रीनगरात गालिच्यांचा कारखाना चालवणारे व्यापारी होते. 1900 मध्ये विलायतेहून आलेल्या अंड्यांतून तिथे ट्राउटची पैदास सुरू झाली.

ट्राउट पाण्यावर बसलेले बारीक किडे वर येऊन टिपतो. म्हणून शौकीन लोक गळावर त्या किड्याची हुबेहूब नक्कल बांधतात. पाण्यावर तरंगते तिला ड्राय फ्लाय म्हणतात. इंग्लंडच्या हॅलफर्ड यांनी 1886 मध्ये तरंगत्या माश्या बांधण्यावर पुस्तक काढले. अमेरिकेत मिशिगनच्या लेन हॅलाडे यांनी 1922 मध्ये ‘अ‍ॅडम्स’ नावाचा नमुना बांधला. शंभर वर्षे उलटली तरी हा नमुना चालतो आहे. कापडात शंभर वर्षे चालणारी डिझाइन किती आहेत, हे आपण जाणतोच.

आता कसब पाहू. गळाचे नंबर सुताच्या काउंटसारखे असतात : नंबर वाढला की गळ बारीक होतो. 10 नंबर मोठा, 20 नंबर अगदी इवलासा. नेहमीच्या वापराचा 14 नंबर. गळ लहान व्हाइसमध्ये पकडतात. बारीक दोरा बॉबिनवर असतो. पूर्वी तो रेशमाचा असे, आता बहुतेक नायलॉन किंवा पॉलिएस्टरचा. आधी गळाच्या दांडीवर दोऱ्याचे वेढे देऊन पाया करतात. मग पिसांच्या टोकांचे दोन पंख उभे करतात. मागे दांडीइतकी लांब शेपटी बांधतात. दोऱ्याला मऊ लोकर वळून अंग भरतात. शेवटी कोंबड्याच्या मानेचे पीस गळाभोवती गोल गुंडाळतात. त्याचे केस चारी बाजूंना उभे राहतात आणि त्यांच्यावर माशी पाण्यावर उभी राहते.

शेवटची गाठ आपल्या खलाशांना शिकवावी लागणार नाही. दोराचे टोक उसवू नये म्हणून त्यावर सुतळी गुंडाळतात आणि सुतळीचे टोक त्याच वेढ्यांखाली ओढून घेतात. इथेही तेच, फक्त केसाएवढ्या दोऱ्याने. वर वार्निशचा एक थेंब.

सगळी मदार पिसावर आहे. पिसाचे केस ताठ आणि चकचकीत हवेत. बुडाशी मऊ लव जास्त असेल तर ती पाणी पिते आणि माशी बुडते. कोंबडीचे पीस मऊ, म्हणून ते बुडणाऱ्या माश्यांना लावतात. दीड महिन्यात कापला जाणारा ब्रॉयलर इथे बिनकामाचा. पीस तयार व्हायला नर जवळजवळ वर्षभर पोसावा लागतो.

आपल्या देशाचा संबंध इथेच येतो. एके काळी इंग्लंड-अमेरिकेतले माशी बांधणारे हिंदुस्थान आणि चीनमधून आलेल्या कोंबड्यांच्या मानाच वापरत. कोंबडा खाण्यासाठी पाळलेला, मान हा वरचा माल. रंग सुंदर, पण पिसे आखूड. एका माशीला दोन-तीन पिसे लागत. एक मान चांगली निघे, दुसरी सुमार. 1970 च्या दशकात अमेरिकेत मेट्झ, हॉफमन यांच्यासारख्यांनी केवळ पिसांसाठी कोंबड्यांची निवडून पैदास केली आणि माल बाजारात आणला. पिसे लांब, ताठ आणि एकसारखी. एका लांब पिसात अनेक माश्या होऊ लागल्या. आपला माल स्वस्त होता, तरी वरच्या दर्जाचा ग्राहक तिकडे वळला. भावाने नव्हे, एकसारखेपणाने बाजार गेला.

बांधणीचे काम मात्र आजही हातानेच होते. मोठ्या प्रमाणावर ते केनिया, थायलंड, श्रीलंका इथे चालते. नैरोबी-मोंबासाशी आपल्या कोकणी घराण्यांची ओळख जुनी आहे. तिथल्या कारागिराच्या हातात गळ बऱ्याचदा जपानचा असतो, पीस अमेरिकेचे, ग्राहक विलायतेचा. केनियाचे फक्त हात. पण त्या हातांवर घरे चालतात.

एक इशारा. आपल्या सह्याद्रीतल्या राखी रानकोंबड्याच्या मानेवर मेणासारखे चमकणारे ठिपके असतात. सामन माशाच्या जुन्या नमुन्यांत त्यांना फार मागणी असे. 1972 च्या वन्यजीव कायद्याने हा पक्षी संरक्षित आहे. कोणी कितीही भाव दिला तरी त्या पिसांना हात लावू नये. दुर्मीळ पिसांचा लोभ माणसाला कुठे नेतो पाहा : 2009 मध्ये इंग्लंडमधल्या ट्रिंगच्या संग्रहालयातून माशी बांधण्याच्या शौकीन तरुणाने 299 पक्ष्यांची कातडी चोरली आणि त्याच्यावर खटला झाला. विलायतेत रानकोंबडे पिंजऱ्यात वाढवून कायदेशीर पिसे विकतात, नकली ठिपकेही मिळतात.

ज्याला हा हुन्नर आजमावायचा आहे त्याने पाळीव गावठी नराची पिसे घ्यावीत. धुऊन, सुकवून, रंग आणि मापाप्रमाणे वेगळी करावीत. एकच नमुना, एकच नंबर, असे बारा नग बांधावेत आणि शेजारी शेजारी ठेवून पाहावेत. परदेशी पाठवण्याआधी पिसांच्या आयात-निर्यातीचे नियम विचारून घ्यावेत. कापडाचा ग्राहक ताग्याचा पहिला मीटर पाहून सौदा करतो, पण परत येतो तो शेवटचा मीटर पाहून. इथेही बारावी माशी पहिलीसारखी निघाली, तरच दुसरी ऑर्डर येते.