किनारा राखण्याचे दोन दस्तऐवज

समुद्राकाठची जमीन एकदा इमारतींखाली गेली की ती पूर्ववत करणे जवळजवळ अशक्य, हे जाणून ऑक्टेव्हिया हिल, रॉबर्ट हंटर व हार्डविक रॉन्स्ली यांनी इंग्लंडात 1895 साली जी ‘नॅशनल ट्रस्ट’ संस्था स्थापिली, तिला लाभलेली पहिली मिळकत म्हणजे वेल्समधील बारमथ गावावरची, समुद्राकडे पाहणारी, जेमतेम साडेचार एकरांची टेकडी; आणि तीही बक्षीस मिळालेली. 1907 च्या कायद्याने या संस्थेस असा विलक्षण अधिकार दिला की, जी मिळकत ती अहस्तांतरणीय ठरवील, ती तिला स्वतःलाही विकता वा गहाण टाकता येऊ नये, आणि सरकारलाही पार्लमेंटच्या खास संमतीवाचून घेता येऊ नये. आपणहून स्वीकारलेले हे बंधन मला त्या साऱ्या व्यवस्थेचा प्राण वाटते.

परंतु सारा किनारा खरीदण्याइतके द्रव्य कोणाजवळ असणार? म्हणून 1937 च्या कायद्याने दुसरा मार्ग रुंद केला: मालकी, वहिवाट व वारसा मूळ धन्याकडेच राहतात, तो केवळ बांधकामाचा हक्क करारनाम्याने सोडतो, आणि हा निर्बंध जमिनीबरोबर चालत असल्याने पुढील खरेदीदारासही बांधून ठेवतो. अमेरिकेत याच जातीचा संरक्षक सुविधाधिकार रूढ आहे. 1997 च्या करारानुसार न्यूयॉर्क शहर कॅट्स्किल डोंगरांतील पाणलोटाच्या जमिनी, राजीखुषीने देणाऱ्या मालकांकडूनच, खरेदीने अथवा अशा सुविधाधिकाराने राखीत आले आहे. कारण ओढ्याकाठची झाडी शाबूत राहिली तर गाळ व मैला पाण्यात उतरण्यास अटकाव होतो, आणि शहरास गाळणयंत्रणेचा अवाढव्य खर्च टाळता येतो.