आपत्ती येण्यापूर्वीचे काम

पावसाळ्याच्या तोंडावर जिल्हा कचेरीतून तहसील कचेरीमार्फत गावोगाव माहितीचे तक्ते येतात. गावात पट्टीचे पोहणारे किती, होडी आहे काय, ट्रॅक्टर कोणाकडे आहेत, उंचावरची पक्की इमारत कोणती, अंथरुणाला खिळलेली माणसे कोणत्या घरांत आहेत, असे प्रश्न त्यांत विचारलेले असतात. पुष्कळ ठिकाणी गतवर्षीचा तक्ता समोर ठेवून त्यावरूनच नवा उतरवून काढला जातो. कामाच्या गर्दीत असे होणे समजण्यासारखे असले, तरी त्यातील धोका फार मोठा आहे. हा तक्ता कोण मागवतो, त्याचे पुढे काय होते आणि त्यातील एक चुकीची नोंद कोठवर जाऊन पोचते, हे ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी व शेतकरी बांधवांनी समजून घेणे अगत्याचे आहे.

तक्ता मागवणारा अधिकारी

आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ अन्वये प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण असते. जिल्हाधिकारी हे त्याचे अध्यक्ष व जिल्हा परिषदेचे अध्यक्ष हे सहअध्यक्ष असतात. जिल्ह्याचा आपत्ती व्यवस्थापन आराखडा तयार करणे व तो दरवर्षी तपासून अद्ययावत करणे हे या प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. जिल्हाधिकारी कचेरीत हे काम जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी पाहतात.

हा अधिकारी म्हणजे पुरात उडी घेऊन माणसे वाचवणारा मनुष्य, अशी अनेकांची समजूत असते. ती बरोबर नाही. बचावाचे काम पोलीस, अग्निशमन दल, राष्ट्रीय व राज्य आपत्ती प्रतिसाद दले आणि गावातील तरुण मंडळी करतात. आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याचे खरे काम आभाळ निरभ्र असताना चालते. तो चार प्रश्न विचारतो. या भागात काय होऊ शकते? त्याचा फटका कोणाला व कोठे बसेल? त्या वेळी हाताशी काय असेल? आणि जे हाताशी आहे असे आपण धरून चालतो, तेच बंद पडले तर काय करावयाचे? पहिले तीन प्रश्न सर्वांना सुचतात. चौथा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. शासनाचे व गावाचे कामकाज संकटातही अखंड चालू ठेवण्याची सारी विद्या या चौथ्या प्रश्नात सामावलेली आहे.

ही पद्धत नवी नव्हे. इसवी सन १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर प्रांतोप्रांती दुष्काळ संहिता तयार झाल्या. दुष्काळ पडल्यावर कामे शोधत बसू नये, यासाठी मदतकार्याच्या कामांची यादी प्रत्येक जिल्ह्याने आधीच तयार ठेवावी, असा दंडक त्यांत होता. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रात लक्षावधी माणसांना काम पुरवावे लागले, तेव्हा आधी विचार करून ठेवलेल्या कामांचे मोल पुन्हा दिसून आले. पेरणीपूर्वी बियाणे तपासून ठेवणारा शेतकरी जे करतो, तेच हे काम होय.

चौथ्या प्रश्नाचे महत्त्व

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेला महापूर आला, तेव्हा कोल्हापूर शहराला पाणी पुरवणारी उपसा केंद्रेच पाण्याखाली गेली. चहूकडे पाणी असताना पिण्यास पाणी नाही, अशी अवस्था झाली. पुणे-बंगळूर महामार्ग बंद पडल्यामुळे बाहेरून मदत येण्यासही अडचण आली. अशा प्रसंगी ‘टँकर मागवावा’ एवढेच आराखड्यात लिहिलेले असून भागत नाही. टँकर कोणत्या रस्त्याने येईल, तो रस्ता बुडाला तर दुसरा कोणता, आणि टँकर येईपर्यंतच्या दोन दिवसांत कोणती विहीर किंवा कूपनलिका वापरावी, येथवर विचार झालेला असावा लागतो.

पुणे जिल्ह्यातील आंबेगाव तालुक्यातील माळीण गावाचा प्रसंग याहूनही बोलका आहे. ३० जुलै २०१४ रोजी सकाळी डोंगराचा कडा कोसळून गावाचा मोठा भाग गाडला गेला आणि दीडशेच्या वर माणसे मृत्युमुखी पडली. गाव दिसेनासे झाले आहे, ही बातमी बाहेर पोचली ती त्या मार्गावरून जाणाऱ्या राज्य परिवहन मंडळाच्या बसच्या चालकामुळे. गावावर संकट आले की गावातील कोणीतरी कळवील, असे आपण गृहीत धरतो. परंतु कळवणारी माणसेच संकटात सापडली तर निरोप कोण देणार? म्हणून डोंगरउतारावरील प्रत्येक वाडीसाठी शेजारच्या गावातील एक व्यक्ती नेमलेली असावी. अतिवृष्टीच्या दिवसांत ठरलेल्या वेळी तिने वाडीशी संपर्क करावा, आणि उत्तर न आल्यास हीच धोक्याची सूचना समजून तालुक्याला कळवावे.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे लातूर व त्या वेळच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत किल्लारी परिसरात भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच दगावली. दगडमातीच्या जाड भिंती व वरचे जड माळवद कोसळून ही हानी झाली. त्यानंतरच्या पुनर्वसन कार्यक्रमातून महाराष्ट्रात जिल्हावार आपत्ती आराखडे व नियंत्रण कक्ष यांच्या कामाला वेग आला. भूकंप पूर्वसूचना देत नाही. म्हणून गावातील कोणती घरे धोक्याची आहेत, ही नोंद आधी झालेली असणे हाच तेथे उपाय होय.

फूटपट्टीवरचा आकडा आणि गावची वाट

पूर मात्र सूचना देऊन येतो. कोल्हापूरजवळ राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट व धोका पातळी ४३ फूट धरली जाते. सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या याच पातळ्या ४० व ४५ फूट आहेत. हे आकडे रोज प्रसिद्ध होतात. परंतु ‘पाणी ४१ फुटांवर आहे’ एवढे ऐकून नदीकाठच्या शेतकऱ्याने काय करावे? आपल्या गावचा ओढ्यावरचा पूल किती फुटांना बुडतो, मळ्यातील वस्तीची वाट किती फुटांना तुटते, हे कळल्याशिवाय त्या आकड्याचा उपयोग नाही.

हे ज्ञान जिल्हा कचेरीत नसते. ते गावातील जाणत्या माणसांपाशी असते. २००५, २०१९ व २०२१ चे पूर पाहिलेली माणसे अद्याप गावोगाव आहेत. त्यांना बरोबर घेऊन गावातून फिरावे, पाणी जेथवर आले होते तेथे खांबावर वा भिंतीवर तेलरंगाने खूण करावी, आणि फूटपट्टीवरील आकडा व गावातील जागा यांची जोडी लावून ती यादी ग्रामपंचायतीत टांगावी. आराखडा करणाऱ्या अधिकाऱ्याला गावाकडून हवी असलेली सर्वांत मोलाची माहिती हीच होय.

तक्ता कसा भरावा

८ ऑगस्ट २०१९ रोजी सांगली जिल्ह्यातील पलूस तालुक्यात ब्रह्मनाळ येथे पुरातून माणसे बाहेर काढणारी बोट उलटली आणि अनेकांना जीव गमवावा लागला. बोटीत तिच्या क्षमतेहून अधिक माणसे होती. ‘गावात बोट आहे’ एवढी नोंद पुरेशी का नाही, हे यावरून ध्यानात यावे. बोटीत किती माणसे बसू शकतात, ती चालवणारे कोण, जीवरक्षक जॅकेटे किती व ती कोणाच्या घरी ठेवली आहेत, यंत्र शेवटचे केव्हा सुरू करून पाहिले, हे सर्व लिहिले पाहिजे.

तक्ता भरताना पुढील गोष्टींची दक्षता घ्यावी.

१. प्रत्येक दूरध्वनी क्रमांक स्वतः लावून पाहावा. क्रमांक बदललेल्या माणसाचे नाव यादीत असणे, हे नाव नसण्यापेक्षा अधिक घातक असते. कारण त्याच्यावर विसंबून दुसरी तजवीज केली जात नाही.

२. प्रत्येक जबाबदारीसाठी दोन नावे द्यावीत, व ती दोन्ही एकाच गल्लीतील नसावीत.

३. निवाऱ्यासाठी सुचवलेल्या शाळेपर्यंतची वाट पुरात उघडी राहते काय, तेथे शौचालय व पाणी आहे काय, आणि रात्री किल्ली कोणाकडे असते, हे लिहावे.

४. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध, अपंग व नित्य औषध घेणारे रुग्ण यांची घरवार यादी आशा स्वयंसेविकेकडून तपासून घ्यावी. त्यांना सर्वांत आधी हलवावे लागते.

५. टीसीएल पावडरचा साठा, ग्रामपंचायतीची दप्तरे व स्वस्त धान्य दुकानातील धान्य पूररेषेच्या वर ठेवण्याची जागा निश्चित करावी. पूर ओसरताच पाणी निर्जंतुक करण्याचे काम जलसुरक्षकास त्याच दिवशी सुरू करता आले पाहिजे.

जे खरोखर नाही, ते ‘नाही’ असेच लिहावे. गावात होडी नसल्याचे कळले, तर जिल्ह्याला दुसरीकडून होडी आणून आधीच जवळ ठेवता येते. खोट्या ‘आहे’ने ती संधीही जाते.

शेतकऱ्याचा वाटा

सूचना मिळूनही शेतकरी घर सोडत नाही, त्याचे मुख्य कारण गोठ्यातील जनावरे हे असते. ही हट्टाची गोष्ट नसून पोटाची आहे. म्हणून माणसांच्या निवाऱ्याजवळच जनावरांसाठी उंच जागा, चारा व पाणी यांची सोय आराखड्यात असावी, असा आग्रह ग्रामसभेत धरावा. पाणी वाढू लागताच जनावरे दिवसाउजेडी हलवावीत. हलवणे अशक्यच झाले, तर निदान त्यांची दावी सोडावीत. दाव्याला बांधलेले जनावर जागीच बुडते.

कडब्याच्या गंजीचा काही भाग व पुढील हंगामाचे बियाणे उंचावर ठेवावे. वीजपंपाचे स्टार्टर काढून आणता येत असल्यास वेळीच आणावेत. पाण्यात उभ्या असलेल्या विजेच्या खांबाजवळ जाऊ नये. सातबारा आता संगणकावर असल्याने त्याची प्रत पुन्हा मिळू शकते. परंतु बँक पुस्तक, आधार पत्र व विम्याची पावती प्लॅस्टिकच्या पिशवीत एकत्र बांधून ठेवावी. नुकसानीचा पंचनामा ग्राम महसूल अधिकारी (पूर्वीचे तलाठी), ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) व सहायक कृषी अधिकारी (पूर्वीचे कृषी सहायक) करतात. तो होईपर्यंत नुकसानीची छायाचित्रे काढून ठेवणे हिताचे असते. जिल्हा नियंत्रण कक्षाचा १०७७ हा क्रमांक घरातील प्रत्येकास पाठ असावा.

रंगीत तालीम

कागदावरचा आराखडा खरा की खोटा, हे तालमीवाचून कळत नाही. मे महिन्यातील एखाद्या दिवशी सरपंच, पोलीस पाटील, कोतवाल, आपदा मित्र व तरुण मंडळांनी मिळून एका वस्तीतील माणसे व जनावरे निवाऱ्यापर्यंत प्रत्यक्ष नेऊन पाहावीत. या वेळी भ्रमणध्वनी बंद आहे, असे मुद्दाम समजावे आणि निरोप दवंडीने किंवा मंदिर-मशिदीच्या भोंग्यावरून द्यावा. किती वेळ लागला, कोण मागे राहिले, कोणते कुलूप उघडले नाही, हे त्याच दिवशी लिहून काढावे. तालमीत सापडलेली उणीव ही नामुष्की नसून लाभ आहे. ती दुरुस्त करण्यास त्या वेळी अवधी असतो.

जिल्ह्याचा आराखडा हा शेकडो गावांच्या तक्त्यांतून उभा राहतो. मध्यरात्री नियंत्रण कक्षात बसलेला अधिकारी आपल्या गावाचे पान उघडील, तेव्हा त्याला गाव दिसणार नाही; त्यावर लिहिलेल्या चार ओळीच दिसतील. त्या ओळींच्या आधारे तो होडी कोठे धाडावयाची हे ठरवील. यास्तव यंदाचा तक्ता जुन्यावरून उतरवून न काढता, एक दिवस गावातून फिरून भरावा.